पेट्रियट कायदा आणि अमेरिकेतील नगर परिषदा

२६ ऑक्टोबर २००१ रोजी अमेरिकेत अमलात आलेल्या पेट्रियट कायद्याच्या कलम २१५ने एफबीआयला, म्हणजे संघीय तपास यंत्रणेला, गुप्त न्यायालयाच्या आदेशाने ग्रंथालयातील वाचकांच्या नोंदीही मागवण्याचा अधिकार दिला आणि त्या आदेशाची वाच्यता करण्यास मनाई केली. संघीय कायदा रद्द करणे नगर परिषदांच्या अधिकारात नव्हते. तथापि आपल्या पोलिसांनी व कर्मचाऱ्यांनी कसे वागावे हे त्या ठरवू शकत होत्या, आणि याच आधारावर शेकडो शहरांनी नागरी स्वातंत्र्याच्या रक्षणाचे ठराव संमत केले. कॅलिफोर्नियातील आर्केटाने २००३ मध्ये त्यापुढे जाऊन उपविधी, म्हणजे शहरापुरता बंधनकारक कायदा, केला आणि घटनाबाह्य तपासाला स्वेच्छेने साहाय्य करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी दंड ठेवला. संविधानाचे रक्षण हे गावच्या सभागृहाचेही कर्तव्य आहे, अशी भूमिका या ठरावांनी मांडली.