ऐकण्याचा परवाना

विसाव्या शतकात जवळजवळ साठ वर्षे भारतातील नागरिकाला स्वतःच्या पैशाने घेतलेला रेडिओ स्वतःच्या घरात लावण्यासाठी सरकारचा परवाना काढावा लागत असे, दरवर्षी शुल्क भरून तो चालू ठेवावा लागत असे आणि तपासनीस दारात आला तर दाखवावा लागत असे. वर्तमानपत्र विकत घेण्यासाठी किंवा वाचनालयात बसून ते वाचण्यासाठी अशी परवानगी सर्वसामान्य वाचकाला कधी लागली नाही. ब्रिटिश सरकारने संपादकांवर खटले भरले, छापखान्यांकडून जामीन मागितले, पुस्तके जप्त केली; पण या कारवाईचा रोख मुख्यतः लिहिणाऱ्यावर आणि छापणाऱ्यावर होता. तार, दूरध्वनी आणि रेडिओ या विजेवर चालणाऱ्या साधनांच्या बाबतीत मात्र कायद्याने आरंभापासूनच वेगळी वाट धरली. तेथे मालकी सरकारची मानली गेली आणि नागरिकाच्या वाट्याला आला तो केवळ परवाना. या एका भेदामुळे भारतीय माणसाच्या रोजच्या ऐकण्या-बोलण्यावर जे परिणाम झाले, ते समजून घेतल्याशिवाय आजच्या इंटरनेटबंदीचा अर्थ नीट उलगडत नाही.

या वाटेची सुरुवात तारेपासून होते. विल्यम ओ'शॉनेसी या कंपनी सरकारच्या डॉक्टरने १८३९ मध्ये कलकत्त्याजवळ विजेच्या तारेने संदेश पाठवण्याचे प्रयोग केले, १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर हा मार्ग सुरू झाला आणि लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत काही वर्षांतच कलकत्ता, आग्रा, मुंबई व मद्रास ही ठिकाणे तारेने जोडली गेली. १८५७ च्या उठावात उठाववाल्यांनी ठिकठिकाणी तारा तोडल्या, तर सरकारने उरलेल्या तारांवरून सैन्याच्या हालचाली जुळवल्या. तार हे राज्य टिकवण्याचे साधन आहे, हा धडा त्या वर्षाने राज्यकर्त्यांच्या मनावर कायमचा बिंबवला. पुढे १८८५ मध्ये जो भारतीय तार अधिनियम झाला, त्याच्या दोन कलमांत हा धडा उतरला आहे. चौथ्या कलमाने तारयंत्रणा उभारण्याचा व चालवण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेवला. इतर कोणालाही ते करायचे असेल तर परवाना घेणे भाग पडले. पाचव्या कलमाने सार्वजनिक आणीबाणीच्या प्रसंगी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी संदेश अडवण्याचा, रोखून धरण्याचा आणि यंत्रणा ताब्यात घेण्याचा अधिकार सरकारला दिला. ‘तार’ या संज्ञेची कायद्यातील व्याख्या मुळातच ऐसपैस होती व नंतरच्या दुरुस्त्यांनी ती आणखी रुंदावली, त्यामुळे दूरध्वनी, बिनतारी संदेश, रेडिओ आणि अखेरीस इंटरनेट ही सगळी साधने एकामागून एक त्याच कायद्याच्या छत्राखाली आली.

तार कार्यालयात गेलेल्या सामान्य माणसाला या कायद्याचा अनुभव अगदी साध्या रूपात येत असे. छापील अर्जावर मजकूर लिहायचा, कारकून शब्द मोजून पैसे सांगणार, म्हणून वाक्य काटछाट करून आणायचे आणि मग तो मजकूर दोन्ही टोकांच्या तारबाबूंच्या डोळ्यांखालून जाणार. बंद पाकिटातील पत्रात जी खासगी जागा असते, ती तारेत नव्हतीच. मृत्यू, आजारपण, नोकरी किंवा बाजारभाव यांची बातमी कळवणाऱ्याला त्याची फिकीर नव्हती; परंतु राजकीय चळवळीतील माणसाने तारेवर काही लिहिणे म्हणजे ते सरकारच्या हाती देणे, हे उघड होते. म्हणूनच गुप्त निरोप माणसांकरवी जात राहिले आणि तार हे व्यापाराचे, प्रशासनाचे व कौटुंबिक निकडीचे साधन म्हणूनच रुजले.

रेडिओ आला तेव्हा हीच चौकट त्याला लावण्यात आली. २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खासगी कंपनीचे केंद्र सुरू झाले. श्रोत्याने वर्षाला दहा रुपये परवाना शुल्क सरकारला द्यायचे आणि त्यातील मोठा वाटा कंपनीला मिळायचा, अशी व्यवस्था होती. दहा रुपये ही त्या काळी लहान रक्कम नव्हती, यंत्राची किंमत तर त्याहून कितीतरी जास्त होती, आणि परवान्याविना ऐकणाऱ्यांना पकडणेही अवघड होते. कंपनी तीन वर्षांच्या आत बुडाली. १९३० मध्ये सरकारने प्रसारण स्वतःच्या हाती घेतले आणि १९३३ मध्ये भारतीय बिनतारी तार अधिनियम करून आधीच्या कायद्यातील फट बुजवली. या नव्या कायद्यान्वये परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरला. पहिल्या गुन्ह्याला शंभर रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक गुन्ह्याला अडीचशे रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. या कायद्यामागे महसुलाचा हेतू मोठा होता हे खरे, तरी त्यातून निघालेले तत्त्व महसुलापुरते राहिले नाही. काय ऐकले हे विचारण्याआधी ऐकण्याचे साधन कोणाच्या घरात आहे, याची नोंद सरकारकडे राहू लागली.

ही नोंद ठेवण्याचे काम टपाल कार्यालयांकडे होते. परवाना म्हणजे एक छोटी पुस्तिका असे; तीत परवानाधारकाचे नाव व पत्ता लिहिलेला असे, वर्षाचे शुल्क भरले की त्या रकमेची खास तिकिटे तिच्यात चिकटवून त्यांवर टपाल खात्याचा शिक्का मारला जाई आणि मुदत चुकली तर अधिभार पडे. घरगुती परवाना वेगळा, हॉटेल किंवा दुकान यांसाठीचा व्यावसायिक परवाना वेगळा. स्वातंत्र्यानंतर रेडिओ मध्यमवर्गीय घरांत पोहोचला तेव्हा ही पुस्तिकाही शिधापत्रिकेसारखीच घरोघरच्या कपाटांत जाऊन बसली, आणि लायसन भरण्यासाठी टपाल कार्यालयाच्या खिडकीपुढे रांगेत उभे राहणे हा वार्षिक रिवाज झाला. परवान्याचा भार या रिवाजात इतका मुरून गेला की त्यात स्वातंत्र्याचा काही प्रश्न आहे, असे बहुतेकांना वाटेनासे झाले.

ऐकण्यावर नोंदणी होती, तर बोलण्यावर पूर्ण बंदी होती; आणि तिला सर्वांत धीट आव्हान मुंबईत दिले गेले. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे काँग्रेसचे पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर कडक निर्बंध आले आणि देशात काय चालले आहे हे कळण्याचे मार्ग बंद झाले. अशा वेळी बावीस वर्षांच्या उषा मेहता, विठ्ठलदास (बाबूभाई) खाकर, चंद्रकांत झवेरी आणि त्यांचे सहकारी यांनी गुप्त प्रक्षेपक उभारला; राममनोहर लोहिया त्यांच्या पाठीशी होते, आणि काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवणाऱ्या शिकागो रेडिओ या पेढीचे नानक मोटवानी यांनी साधनसामग्रीची मदत केली. ऑगस्टच्या अखेरीस ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ ऐकू येऊ लागला. पोलिसांना जागेचा माग लागू नये म्हणून प्रक्षेपक एका घरातून दुसऱ्या घरात हलवावा लागे. चितगावावरील बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, विदर्भातील चिमूर-आष्टीचे दमन अशा ज्या घटनांबद्दल वर्तमानपत्रे मोकळेपणी लिहू शकत नव्हती, त्यांच्या बातम्या या केंद्राने दिल्या. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी, ज्या तंत्रज्ञाने यंत्र बांधून दिले होते त्यानेच माहिती पुरवल्यामुळे, पोलिसांनी धाड घालून प्रक्षेपण चालू असतानाच कार्यकर्त्यांना पकडले. खाकर यांना पाच वर्षांची, उषा मेहता यांना चार वर्षांची आणि झवेरी यांना एक वर्षाची शिक्षा झाली. त्या प्रसारणांत काय बोलले गेले हे आज कळते ते मुख्यतः पोलिसांनी ऐकून टिपून ठेवलेल्या मजकुरामुळे. तीन महिनेही न टिकलेल्या या केंद्राचे महत्त्व त्याच्या आयुर्मानावर ठरत नाही: परवाना नाकारणाऱ्या सत्तेला प्रत्युत्तर देताना सामान्य नागरिकही बोलणारा होऊ शकतो, हे त्याने दाखवून दिले.

गोव्यात हाच संघर्ष अधिक काळ चालला. सालाझारच्या पोर्तुगीज राजवटीत पूर्वतपासणी इतकी सर्वव्यापी होती की लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेलाही तपासनिसाची मान्यता लागे. वर्तमानपत्रातून विरोध व्यक्त होण्याचा प्रश्नच नव्हता. या परिस्थितीत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी २५ नोव्हेंबर १९५५ पासून गोव्याच्या सीमेबाहेरून, प्रथम आंबोलीच्या जंगलातून व पुढे कॅसल रॉकहून, कोकणी आणि पोर्तुगीज भाषांत गुप्त प्रसारण चालवले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत हे केंद्र सुरू होते. सह्याद्रीच्या धुवाधार पावसात, वस्तीपासून दूर राहून त्यांनी जे सहा वर्षे सांभाळले, त्याचे मोल मोठे आहे. कारण पूर्वतपासणीखाली जगणाऱ्या माणसाला आपण एकटे नाही हे कळणे ही प्रतिकाराची पहिली पायरी असते.

स्वतंत्र भारताच्या संविधानाने १९५० मध्ये भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य मूलभूत हक्क म्हणून दिले, पण १८८५ आणि १९३३ चे कायदे जागच्या जागी राहिले. प्रसारण सरकारी खाते म्हणूनच चालले आणि लोकांनी काय ऐकावे हे ठरवण्याची सवय खात्याने सोडली नाही. १९५२ मध्ये माहिती व प्रसारण मंत्री झालेले बाळकृष्ण केसकर हे पुण्याचे, संस्कृत व शास्त्रीय संगीत यांचे जाणकार. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरील चित्रपटसंगीत जवळजवळ बंद पडले. अभिरुची उंचावण्याचा त्यांचा हेतू प्रामाणिक होता आणि शास्त्रीय कलावंतांना आकाशवाणीने दिलेला आधारही मोलाचा होता. तरीही श्रोत्यांनी निमूटपणे रेडिओची कळ फिरवली. लघुलहरींवर रेडिओ सिलोन लागत असे, आणि डिसेंबर १९५२ पासून अमीन सयानी यांच्या आवाजातील ‘बिनाका गीतमाला’ने देशभरच्या घरांना आठवड्याची एक ठरलेली वेळ दिली. रेडिओचा परवाना सरकारचा असला तरी कळ श्रोत्याच्या हातात होती. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून सरकारने ही निवड मान्य केली. तंत्रज्ञानात पळवाट शिल्लक असेल तर सवयीच्या बळावर लोक धोरण बदलायला लावतात, याचे हे उदाहरण आहे.

पळवाट अगदी अरुंद असेल तेव्हा काय होते, हे आणीबाणीत दिसले. २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीतील वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडण्यात आली, पुढे चार वृत्तसंस्था एकत्र करून ‘समाचार’ ही एकच संस्था करण्यात आली आणि सरकारी कार्यक्रमास सहकार्य न केल्याबद्दल किशोरकुमार यांची गाणी आकाशवाणी व दूरदर्शनवरून बंद झाली. खरी बातमी हवी असणाऱ्यांनी बीबीसीच्या लघुलहरी शोधल्या. एकाच हाती प्रसारण असले की बातमी आणि गाणे यांच्या दोऱ्या एकाच वेळी ओढता येतात, हे त्या एकवीस महिन्यांत प्रत्येक घराला कळले.

रेडिओचा परवाना १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टप्प्याटप्प्याने रद्द झाला. ट्रान्झिस्टर इतके स्वस्त आणि इतके जास्त झाले होते की वसुलीचा व्याप शुल्काला परवडेना. म्हणजे ऐकण्याचे स्वातंत्र्य हक्क म्हणून मान्य होण्याऐवजी हिशेबाच्या सोयीने मिळाले. तत्त्वाचा प्रश्न न्यायालयातच सुटायचा होता. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निर्णय दिला की प्रसारणासाठी वापरल्या जाणाऱ्या रेडिओलहरी ही सार्वजनिक संपत्ती असून त्यांवर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे होते. या निर्णयानंतर खासगी एफएम केंद्रे आली, साताऱ्यातील म्हसवडसारख्या दुष्काळी भागातही सामुदायिक रेडिओ उभा राहिला; मात्र स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा खासगी एफएम केंद्रांना मिळाली नाही, बातम्या द्यायच्या तर त्यांना आकाशवाणीचीच बातमीपत्रे लावावी लागली.

दरम्यान, १८८५ चे पाचवे कलम नव्या साधनांपर्यंत पोहोचले होते. १८ डिसेंबर १९९६ रोजी, पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या याचिकेवर, दूरध्वनीवरील संभाषण हा खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आणि ते चोरून ऐकण्यासाठी गृहसचिवांचा लेखी आदेश, ठरावीक मुदत व आढावा समिती यांच्या अटी घातल्या. २०१२ मध्ये पालघर येथे समाजमाध्यमावरील एका मजकुरासाठी आणि त्याला पसंती दिल्याबद्दल दोन तरुणींना अटक झाली, त्यातून उठलेल्या प्रश्नावर २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६अ घटनाबाह्य ठरले. इंटरनेट बंद करण्याचे नियमही २०१७ मध्ये तार अधिनियमाखालीच झाले. जम्मू-काश्मीरमधील बंदीविषयी १० जानेवारी २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितले की असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, बंदी बेमुदत असू शकत नाही आणि ती कारणाच्या प्रमाणात असली पाहिजे. तरीही डिसेंबर २०२१ मध्ये संसदेच्या स्थायी समितीला असे आढळले की देशात इंटरनेट किती वेळा बंद झाले याची नोंद केंद्र सरकार ठेवतच नाही. ज्या राज्ययंत्रणेने एकेकाळी प्रत्येक घरातील रेडिओची नोंद ठेवली, तिने स्वतःच्या बंदीची नोंद ठेवू नये, ही विसंगती गंभीर आहे.

तारसेवा जुलै २०१३ मध्ये संपली आणि १८८५ व १९३३ या दोन्ही कायद्यांची जागा घेण्यासाठी डिसेंबर २०२३ मध्ये दूरसंचार अधिनियम झाला. संदेश अडवण्याचे व सेवा थांबवण्याचे अधिकार मात्र त्यातही आहेत. कोणत्याही राज्याला आणीबाणीच्या प्रसंगी असे काही अधिकार लागतील, हे मान्य करावे लागेल. प्रश्न आहे तो त्या अधिकारांवर लगाम कोणाचा, हा. गेल्या पावणेदोनशे वर्षांचा अनुभव सांगतो की रोजचे स्वातंत्र्य अनेकदा परवान्याची अट, शुल्काची रक्कम, अर्जाचा नमुना आणि आदेशाचा कागद अशा बारीकसारीक गोष्टींतून आवळले जाते, आणि सवय झाली की त्यांच्याकडे कोणी बोट दाखवत नाही. ही बंधने सैल झाली ती बहुतेकदा, जेव्हा कोणी लेखी कारण मागितले, न्यायालयात दाद मागितली किंवा तुरुंगाची तयारी ठेवून बोलण्याचे धाडस केले तेव्हा. म्हणून इंटरनेटबंदीचा प्रत्येक आदेश कारणांसह आणि मुदतीसह त्याच दिवशी जाहीर व्हावा, त्याचा आढावा घेणाऱ्या समितीत सरकारबाहेरचा सदस्य असावा आणि अशा सर्व आदेशांची वार्षिक नोंद विधिमंडळापुढे व संसदेपुढे यावी, ही मागणी नागरिकांनी आवर्जून धरली पाहिजे. परवान्याच्या छायेत वाढलेल्या या देशात स्वातंत्र्य हा नियम आणि बंधन हा अपवाद ठरायचा असेल, तर त्या अपवादाचा हिशेब देणे सत्तेला बंधनकारक करण्यापासूनच सुरुवात करावी लागेल.