भयाचा नाद आणि आपले मौन

हिंदी चित्रपटसंगीताचा इतिहास आपल्याकडे प्रामुख्याने गीतांचा इतिहास म्हणून लिहिला गेला. पार्श्वसंगीताचा उल्लेख त्यात क्वचित येतो. स्वस्तातल्या भयपटांच्या पार्श्वसंगीताचा तर जवळजवळ नाहीच.

रामसे बंधूंचे चित्रपट या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत. फतेहचंद रामसिंघानी यांचे कराचीत रेडिओचे दुकान होते. फाळणीनंतर हे कुटुंब मुंबईत स्थिरावले. सात मुलांनी कामे वाटून घेतली. तुलसी आणि श्याम यांच्याकडे दिग्दर्शन आले, गंगू यांच्याकडे छायाचित्रण, किरण यांच्याकडे ध्वनी. ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) महाबळेश्वरला चित्रित झाला, तर ‘पुराना मंदिर’साठी (१९८४) मुरुडच्या नवाबाचा वाडा मिळाला. सेट उभारण्याचा खर्च असा वाचला.

मात्र रबरी मुखवटा उजेडात हास्यास्पदच दिसतो. दृश्याची ही उणीव ध्वनीने भरून काढावी लागे. शिवाय पार्श्वसंगीत कोणी गुणगुणावे अशी अपेक्षा नसल्याने संगीतकाराला गीतात न मिळणारी मोकळीक येथे मिळत असे. साठीच्या दशकात पाश्चात्त्य रॉकने नशेतल्या जाणिवेसाठी वापरलेली फाटक्या आवाजाची गिटार आणि लांबत जाणारा प्रतिध्वनी आपल्या भयपटांत भुताटकीची भाषा बनले. सपन-जगमोहन यांनी ‘दो गज जमीन के नीचे’ला आणि बप्पी लाहिरी यांनी ‘वीराना’ला (१९८८) संगीत दिले. रामसेंच्या बाहेर, आशा भोसले यांचे पुत्र हेमंत भोसले यांनी ‘जादू टोना’ (१९७७) केला.

२०११ मध्ये ‘फाइंडर्स कीपर्स’ या ब्रिटिश कंपनीने ‘बॉलीवूड ब्लडबाथ’ हा भयपटसंगीताचा संग्रह काढला. या पुनर्शोधाचे स्वागतच करायला हवे. पण त्यात हे संगीत चित्रपटापासून सुटे होते, आणि परक्या कानाला त्याचा विक्षिप्तपणाच आधी भावण्याचा संभव असतो. ते कोणत्या गरजेतून घडले आणि अंधाऱ्या चित्रपटगृहात त्याने काय साधले, हे सांगण्याचे काम आपले होते.

साहित्यातही आपण वेगळे वागलो नाही. नारायण धारप (१९२५–२००८) यांना वाचक भरपूर लाभले, समीक्षक मोजकेच. ‘लोकप्रिय’ हा शब्द आपण वर्णन म्हणून न वापरता निकाल म्हणून वापरला. एकदा निकाल लागला की जतनाची निकड उरत नाही. मग आपल्याच घरातला ऐवज दुसऱ्याने शोधून द्यावा लागतो, आणि त्याची नोंदही त्याच्याच भाषेत होते.