पाबळची शाळा

राहुरीकरांना कृषी विद्यापीठ परके नाही. १९६८ पासून ते आमच्या शिवारालगत उभे आहे. तरीही याच शिवारातील आठवी-नववीचा विद्यार्थी शेतीचा धडा पुस्तकातून पाठ करतो. ही विसंगती आजची नव्हे.

अमेरिकेत विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये प्रकल्प पद्धती मांडली. वर्ध्यास १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली आणि झाकीर हुसेन समितीने हस्तोद्योगाभोवती सर्व विषय गुंफण्याची योजना आखली. मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च निघावा, ही गांधीजींची अपेक्षा होती. टकळ्या फिरल्या, पण त्या सुताची वाट पाहणारे गावात कोणी नव्हते, असे आम्हांस वाटते. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभव सुचविला. त्याचे काय झाले, हे पालकांना सांगणे नलगे : एक तासिका, कागदी फुले आणि आदल्या रात्री आईने पूर्ण केलेली वही!

नगरहून पुण्याकडे जाताना शिरूर लागते. त्याच तालुक्यातील पाबळ हे अवर्षणाचे गाव. हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधन सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग सपत्नीक तेथे आले आणि १९८३ मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम स्थापिला. गावच्या शाळेतील मुलांसाठी आठवड्याचा एक दिवस हातकामाचा ठरला. त्यात अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य, शेती व पशुपालन हे सारेच आले. कोणा एका धंद्याला मूल जखडले नाही. शाळा सुटलेल्या मुलांसाठी एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रमही निघाला.

खरे वेगळेपण पुढेच आहे. मुलांनी जोडलेले लोखंडी फाटक गावकऱ्याच्या दारी बसे आणि त्याचे पैसे तो देई. सांधा कच्चा राहिला, तर गुण देणाऱ्या मास्तरांआधी घरमालकच बोलणार! मुले माती तपासीत, रक्तगट पाहत, भूगर्भातील पाण्याचा अंदाज घेण्यासाठी जमिनीचा विद्युतरोध मोजीत. २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने तेथे 'फॅब लॅब' ही संगणकचलित यंत्रांची कार्यशाळा उभी राहिली. त्या संस्थेबाहेरील अशा पहिल्या कार्यशाळांपैकी ती एक. २००३ मध्ये डॉ. कलबाग निवर्तले. त्यांचा अभ्यासक्रम मात्र इतर शाळांतूनही रुजला.

"मुलाला शाळेत घातले ते पाने-पकडी धरायला का?" असे पालक आम्हांस विचारतात. प्रश्न रास्त आहे. वडील शेतात तेच करीत आले आहेत, मुलाने त्यातून सुटावे, ही त्यांची आस. परंतु विहिरीची जागा ठरविताना ओहमचा नियम लागतो, आलेख काढावा लागतो, आणि आकडा चुकला तर शेतकऱ्याची विहीर कोरडी जाते.