आठशे दहा किलो

गेल्या वीकांताला सोसायटीच्या पार्किंगमध्ये मोजपट्टी घेऊन वाकलो होतो. वॉचमनकाकांनी विचारलं, "साहेब, गाडी विकताय का?" म्हटलं, नाही हो काका, सहज मोजतोय. १९७६ सालच्या एका जर्मन गाडीशी माझ्या सेकंडहँड पोलोची तुलना चालली आहे, हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार? :)

ती जर्मन गाडी म्हणजे पहिल्या पिढीची फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय. लांबी ३.७ मीटर, ताकद ११० हॉर्सपॉवर आणि वजन फक्त ८१० किलो. माझी चाकणला बनलेली पोलो जीटी १०५ हॉर्सपॉवरची, म्हणजे ताकदीला जवळपास तेवढीच. पण लांबी भरली ३.९७ मीटर, आणि वजन अकराशे किलोच्या आसपास. पोलो ही खरं तर गोल्फची धाकटी बहीण. ही धाकटी त्या काळच्या थोरलीपेक्षा वीतभर लांब आणि पावणेतीनशे-तीनशे किलोनं जड!

आधी थोडा इतिहास. १९७४ च्या सुमारास वुल्फ्सबर्गमधल्या मोजक्या मंडळींनी, अधिकृत प्रकल्प वगैरे काही नसताना, साध्या गोल्फमधून एक चपळ गाडी करायचा घाट घातला. (आपल्याकडेही सगळ्यात चांगली टूल्स अशीच शुक्रवारी रात्री बनतात की!) १९७५ मध्ये ती फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आली आणि १९७६ मध्ये बाजारात. १.६ लिटरचं फ्युएल इंजेक्शन इंजिन, तेरा इंची चाकं. पाच हजार गाड्या खपतील असा अंदाज होता. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून जास्त बनल्या. जादू इंजिनात नव्हती. ११० हॉर्सपॉवर तेव्हाही फार नव्हते. जादू होती त्या ८१० किलोंत.

पुढं काय झालं ते पिढी-पिढीनं बघा. १९८४ ची दुसरी जीटीआय नऊशेच्या पुढे गेली, कारण मागच्या सीटवर पाय ठेवायला आणि डिकीत सामानाला जागा हवी होती. १९९० च्या दशकातल्या तिसरीनं हजार ओलांडले. तिचं इंजिन दोन लिटरचं झालं, पण ताकद होती ११५. म्हणजे वाढले किती, तर पाच हॉर्सपॉवर! जीटीआयच्या भक्तांनी नाकं मुरडली नसती तरच नवल. २००४ च्या पाचवीत २०० हॉर्सपॉवर झाले, पण वजन तेराशेच्या घरात. २०२० च्या आठवीची ताकद २४५, लांबी ४.२८ मीटर आणि वजन साडेचौदाशेच्या आसपास. म्हणजे पहिलीच्या पावणेदोनपटीहून जास्त.

यात एक दुष्टचक्र आहे. गाडी जड झाली की इंजिन मोठं लागतं. वेग वाढला की ब्रेक मोठे लागतात. मोठे ब्रेक मावायला मोठी चाकं लागतात, आणि एवढं सगळं पेलायला सस्पेन्शन दणकट लागतं. ते बसवलं की गाडी आणखी जड! ज्यांनी दहा वर्षं जुन्या कोडबेसवर काम केलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

कॉलेजपासून मी या विषयावर तावातावानं भांडायचो. "गाड्या लठ्ठ झाल्यात, सगळी मार्केटिंगवाल्यांची चूक!" मग दोन वर्षांपूर्वी खंबाटकीच्या पुढे, रात्री, माझ्या आतेभावाची गाडी उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉलीला दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. गाडीचं बॉनेट पार काचेपर्यंत चेपलं होतं. पण एअरबॅग उघडल्या आणि दरवाजा हातानं उघडून तो स्वतः बाहेर आला. कॉलरबोन मोडलं, बस्स. दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी बघायला गेलो तेव्हा आत्यानं त्या चेपलेल्या पत्र्यावर हात ठेवला आणि कपाळाला लावला. मी गप्प उभा होतो. ज्या किलोंच्या नावानं मी वर्षानुवर्षं बोटं मोडली, त्यातलेच काही किलो त्या रात्री मध्ये उभे राहिले होते.

हेही इतिहासात नीट नोंदलेलं आहे. युरो एनकॅपनं १९९७ मध्ये अपघात-चाचण्यांचे पहिले निकाल जाहीर केले. रोव्हर १०० या छोट्या गाडीला जेमतेम एक तारा मिळाला आणि थोड्याच काळात तिचं उत्पादन बंद पडलं. त्या गाडीची मुळं १९८० च्या ऑस्टिन मेट्रोत होती. त्यानंतर हलकी पण चेपणारी गाडी युरोपात विकणं अवघडच होत गेलं.

मग वजन वाढणं अटळच होतं का? इथंच खरी गंमत आहे. २०१७ मध्ये जपानमध्ये सुझुकीची नवी स्विफ्ट स्पोर्ट आली. १४० हॉर्सपॉवर, एअरबॅगा वगैरे सगळं आधुनिक, आणि वजन ९७० किलो. आधीच्या पिढीपेक्षा कमी! (ही स्पोर्ट भारतात आली नाही, याचं दुःख वेगळं.) खुद्द गोल्फनंही २०१२ च्या सातव्या पिढीत वजन घटवून दाखवलं होतं. आठवीत ते पुन्हा वाढलं, तो भाग निराळा.

मला यातून जे दिसतं ते असं. वाढलेल्या प्रत्येक किलोमागे कोणीतरी उभं असतं. एअरबॅगमागे सुरक्षेवाले, एसीमागे गिऱ्हाईक, मोठ्या स्क्रीनमागे विक्री विभाग. प्रत्येकाचं म्हणणं सुटं घेतलं तर पटतंही. पण बेरजेमागे कोणीच उभं नसतं. ८१० ची गाडी १,४५० ची व्हावी, असं कुठल्याही बैठकीत ठरलं नाही. ते होत गेलं. आणि ती जास्तीची बेरीज रस्त्यावर फुकट राहत नाही. तेवढ्याच वेगानं धावताना गाडीची गतिज ऊर्जाही वजनाच्याच पटीत वाढते. आतल्यांना वाचवणारं वजन समोरच्या दुचाकीवाल्याला मात्र वाचवत नाही.

२०२५ मध्ये गोल्फ जीटीआय आयात होऊन भारतात आली, किंमत ५३ लाखांच्या घरात. घ्यायची ऐपत नाही, पण बघून घेतली. देखणी आहे, प्रश्नच नाही. आत्याला बसवून सातारला न्यायचं तर मीही हीच निवडीन, १९७६ ची नाही.

फक्त एक वाटतं. प्रत्येक टीममध्ये एक माणूस असा हवा, ज्याचं काम एवढंच, की कोणी काहीही नवीन आणलं की शांतपणे विचारायचं, "हे घेऊ, पण मग काढायचं काय?"

असो. सोमवारी स्प्रिंट प्लॅनिंगला हा प्रश्न विचारून बघणार आहे. शिव्या पडल्या तर कळवतोच :)