ओवीचा चरण आणि छापील ओळ

चरण हा कानाचा विषय आहे, ओळ ही डोळ्याची. हा भेद वरवर क्षुल्लक वाटला, तरी मराठी काव्याच्या अभ्यासात त्याच्याकडे दुर्लक्ष झाल्याने अनेक निष्कर्ष डळमळीत झाले आहेत.

जुन्या पोथ्यांत ओव्या सलग लिहिल्या जात. पानाचा समास आला की लेखनिक खालच्या रेघेवर येई. त्या ठिकाणी शब्द मधेच तुटला तरी त्याला त्याचे वावडे नसे. ओवी कोठे संपली हे दंड व क्रमांक सांगत. १२९० साली सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीला आज आपण ज्या अर्थाने ‘ओळ’ म्हणतो, ती मुळी नव्हतीच. ती मुद्रणकलेने दिली, आणि बहुधा ओवीमागे दोन याप्रमाणे दिली. वस्तुतः ग्रांथिक ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात; चौथा आखूड व यमकरहित असतो. श्रोत्याला तीन आणि एक अशी विभागणी ऐकू येते. छापील पानावर दिसते ती दोन आणि दोन अशी. तिसरे यमक दुसऱ्या ओळीच्या मध्यावर दडते. चौथ्या चरणात यमकाची अपेक्षा भंग पावते व त्या भंगावर अर्थाचा जो भार पडतो, तो डोळ्यांनी वाचणाऱ्याच्या सहज निसटतो. अशा पाठात ‘ओळीअखेरचा आघात’ शोधणारा अभ्यासक ज्ञानेश्वरांचे नव्हे, तर मुद्रकाचे परीक्षण करीत असतो.

केशवसुतांनी १८९२ मध्ये सुनीत मराठीत आणले, तेव्हा चौदा ही संख्याच रचनेचे अंग ठरली. परंतु ओळीची लांबी कवीच्या स्वाधीन झाली ती मुक्तछंदात. अनिलांचे ‘भग्नमूर्ति’ हे मुक्तछंदातील खंडकाव्य १९४० चे. वृत्ताचे बंधन सुटल्यावर ओळ कोठे थांबवावी हा निर्णय अर्थाचा निर्णय झाला.

येथे मराठी वाक्यरचनेचा विचार अवश्य केला पाहिजे. इंग्रजीत शब्दयोगी अव्यय नामाच्या आधी व सुटे असल्याने त्या दोहोंच्या मध्ये ओळ तोडता येते. मराठीत विभक्तिप्रत्यय नामाला चिकटलेला असतो. तेथे तोडण्यास जागाच नाही. उलट मराठी वाक्याचा निकाल शेवटी लागतो. ‘तो परत आला’ येथे ओळ थांबवून पुढील ओळीत एकटे ‘नाही’ ठेवले, तर क्षणभर तो आलेला असतो. गद्यात हा क्षण मिळत नाही. मुक्तछंदाच्या कवीला लाभलेले हे साधन परकीय अनुकरणातून नव्हे, भाषेच्या घडणीतूनच आलेले आहे.

म्हणूनच पाठचिकित्सेचा प्रश्न आधुनिक कवितेतही सुटत नाही. नियतकालिकाच्या अरुंद स्तंभात लांब ओळ मावत नाही. जुळारी ती दुमडतो व उरलेला भाग किंचित आत सरकवून लावतो. पुनर्मुद्रणात ती आत सरकवल्याची खूण गळते आणि एका ओळीच्या दोन होतात. नंतरचा टीकाकार त्या तुटीचा मोठ्या रसिकतेने अर्थ लावतो! अशा ठिकाणी कवीचे हस्तलिखित, आणि ते नसल्यास कवीच्या देखरेखीखाली निघालेली आवृत्ती, हाच आधार धरावा लागतो.