भारनियमनाच्या मुलुखातील निद्रिस्त संगणक

बोरीवलीत बसून भारनियमनाविषयी लिहिणे हे काहीसे धाष्टर्याचेच आहे. 2000 नंतरच्या दशकात ग्रामीण महाराष्ट्र तासन्‌तास अंधारात असताना आमचे उपनगर त्यातून जवळजवळ वगळलेले होते. त्यामुळेच संगणकाचे वीजव्यवस्थापन आपल्याला बॅटरी वाचवण्याची किरकोळ सोय वाटते. वस्तुतः या इतिहासाचे एक महत्त्वाचे पान आपल्या शेजारच्या कर्जत तालुक्यात उलगडले आहे.

1992 मध्ये आलेल्या 'एपीएम' या मानकात संगणक केव्हा निजवायचा, हे ठरवण्याचा अधिकार मुख्यतः यंत्रातील बायोसकडे होता. 1996 च्या 'एसीपीआय'ने तो ऑपरेटिंग सिस्टीमकडे सोपवला. पण यंत्राची माहिती देणारी कोष्टके उत्पादकच लिहीत आणि ती बहुधा विंडोजवरच तपासली जात. परिणामी लिनक्सवरचा संगणक निजे, पण पुष्कळदा उठत नसे. बायोस बंदिस्त असल्याने दोषाचे मूळ शोधणेही अवघड होते. रिचर्ड ह्यूज यांचा 'ग्नोम पॉवर मॅनेजर' 2006 मध्ये ग्नोमच्या 2.16 या आवृत्तीत समाविष्ट झाला, तो या पार्श्वभूमीवर.

त्याच वर्षी केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' ही योजना नाकारली. तरीही 2007 मध्ये कर्जतजवळच्या खैराट-धनगरवाडा येथील लहानशा मराठी शाळेत तिचा प्रयोग सुरू झाला. मुलांच्या हाती आलेले 'एक्सओ' हे यंत्र लिनक्सवर चाले. त्याची रचना विजेच्या दुर्भिक्ष्याला गृहीत धरूनच केलेली होती. पडद्यावरचे चित्र टिकवून धरणारी चिप वेगळी होती. म्हणजे मूल पान वाचत असता प्रोसेसर निजू शके आणि पान उलटताच जागा होई. या यंत्रासाठी ह्यूज यांनीच 'ओपन हार्डवेअर मॅनेजर' ही आटोपशीर आज्ञावली लिहिली. शिवाय येथे बायोसच्या जागीही मुक्त-स्रोत 'ओपन फर्मवेअर' होते. झोप का मोडली, हे आता वाचून शोधता येत होते.

हे स्वप्न लगेच साकार झाले नाही, हेही नोंदवले पाहिजे. यंत्र निजण्यास समर्थ होते. त्याला विश्वासाने निजवणारी आज्ञावली परिपक्व व्हायला पुढे काही वर्षे जावी लागली. पण मुक्त-स्रोताचा आग्रह केवळ फुकटेपणाचा किंवा तत्त्वाचा नसतो, हे खैराटसारख्या ठिकाणीच नीट कळते. ज्याला वीज मोजून मिळते, त्याला ती यंत्रात कुठे खर्च होते हे पाहण्याचा अधिकार हवा.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. मुंबईला वीज पुरवण्यासाठी उभारलेले टाटांचे भिवपुरी जलविद्युत केंद्र याच कर्जत तालुक्यात 1922 पासून आहे. वीज घाटाखालून शहराकडे गेली. ती पुरवून वापरण्याची विद्या मात्र आधी त्या तालुक्यातील मुलांच्या वाट्याला आली.