जुना खेळ, नवे यंत्र आणि पाठभेद

निमगाव केतकी हे गाव इंदापूर तालुक्याबाहेर दोन गोष्टींसाठी ओळखले जाते: विड्याच्या पानांचा बाजार आणि आषाढीच्या वाटेवरील तुकोबांच्या पालखीचा मुक्काम. माझ्या आठवणीतील निमगावात आणखी एक गोष्ट आहे. नव्वदीच्या दशकात मामांच्या घरी रंगीत टीव्हीला जोडलेला व्हिडिओ गेम. पिवळी ‘कॅसेट’ खोचायची आणि वीज जाईपर्यंत मारिओला उड्या मारायला लावायच्या, हा सुट्टीचा नित्यक्रम होता.

गेल्या दिवाळीत त्याच घरात मामेभावाच्या मुलाने ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा १९८५ सालचा खेळ नव्या यंत्रावर लावून दिला. चित्र स्वच्छ होते; पण खेळ अंगावर धावून येत होता. तीनदा खड्ड्यात पडल्यावर मी म्हणालो, “तू याचा वेग वाढवला आहेस.” तो म्हणाला, “नाही काका, मूळ वेग हाच आहे.”

वयामुळे हात मंदावला, अशी मनाची समजूत घालता आली असती. परंतु शोध घेतला तेव्हा मुलाचेही खरे निघाले आणि माझ्या स्मृतीचेही. निन्टेंडोचे ‘फॅमिली कॉम्प्युटर’ १९८३ साली जपानात आले. तेथील टीव्हीवर चित्र सेकंदाला सुमारे ६० वेळा उमटे. आपल्याकडील ‘पाल’ पद्धतीत ५० वेळा. या खेळाचे गणित घड्याळावर नव्हे, तर चित्रांच्या मोजणीवर बांधलेले आहे. त्यामुळे ‘पाल’साठी बनवलेल्या नकली यंत्रांवर तोच खेळ सुमारे पाच-षष्ठांश वेगाने चाले. संगीतही मंद आणि पडद्यावरील उलटी मोजणीही मंद. खेळाच्या आत सारे प्रमाणशीर राही. बाहेर बसलेल्या मुलाच्या बोटांना मात्र थोडा अधिक अवधी मिळे.

मग नवे यंत्र जुना खेळ सुधारते काय? उत्तर खेळाच्या संहितेत शोधावे लागते. रचनाकाराने ‘जमतील तितकी चित्रे काढ’ अशी मोकळीक ठेवली असेल, तर बलवान यंत्रावर खेळाचे अडखळणे थांबते. २०१७ साली प्लेस्टेशन ४ प्रोला मिळालेल्या ‘बूस्ट मोड’चा लाभ मुख्यत्वे अशाच खेळांना झाला. ‘सेकंदाला ३०च’ असे बांधून ठेवले असेल, तर यंत्र बदलून तो आकडा हलत नाही. २०२१ साली मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्सवर काही जुन्या खेळांची चित्रसंख्या दुप्पट, क्वचित चौपट करून दाखवली. पण निवडक खेळांचीच, कारण प्रत्येक संहिता असा बदल सोसत नाही. ‘डार्क सोल्स २’ हा २०१४ सालचा खेळ ३०ऐवजी ६० चित्रांनी चालू लागला, तेव्हा त्यातील शस्त्रे दुप्पट वेगाने झिजू लागली. झीजही चित्रांवरच मोजलेली होती! २०१५ साली संहितेतच दुरुस्ती करावी लागली.

याहून बोलके उदाहरण १९७८ सालच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’चे आहे. पडद्यावर पंचावन्न शत्रू असताना यंत्र थकत असे. शत्रू मरत जातील तसे उरलेले वेगाने सरकत. तोमोहिरो निशिकादो यांनी हा दोष ओळखला आणि राहू दिला. शेवटच्या एकट्या शत्रूची ती घाई हाच त्या खेळाचा उत्कर्षबिंदू ठरला. यंत्राची दुबळी बाजू येथे आशयाचा भाग झाली आहे. ती ‘सुधारली’, तर कृतीच उरणार नाही.

मराठी वाचकाला हा पेच अपरिचित नाही. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) हाताने फिरवायच्या कॅमेऱ्याच्या काळातला. पुढे बोलपटाने सेकंदाला २४ चित्रांचा वेग रूढ केला. त्या यंत्रावर मूकपट तसेच चढवले गेले की माणसे तुरुतुरु पळू लागत. ‘जुन्या चित्रपटांत माणसे अशीच चालत’ हा अनेकांचा समज म्हणजे नव्या यंत्राने निर्माण केलेला पाठभेद होय.

उलट दिशेचा प्रमादही घडतो. सोनीने २०१८ साली ‘प्लेस्टेशन क्लासिक’ काढले. त्यातील वीसपैकी नऊ खेळ ५० चित्रांच्या युरोपीय आवृत्तीचे होते. अमेरिकेतील जाणकारांनी तक्रार केली, आणि ती रास्त होती. यंत्र नवे, पण प्रत चुकीची निवडलेली!

शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांना अपपाठ दूर करावयाचे होते. ज्ञानदेवांचे काव्य सुधारावयाचे नव्हते. जुन्या खेळांबाबत हाच विवेक हवा. अडखळणारे चित्र सावरणे ही प्रतशुद्धी आहे. रचनाकाराने ठरवलेला वेग बदलणे हे पुनर्लेखन. दोन्ही करावे, पण दोहोंना एकच नाव देऊ नये.

राहता राहिला निमगावचा मंद मारिओ. पाठचिकित्सेच्या दृष्टीने तो अपपाठच. पण आपल्याकडील असंख्य मुलांनी वाचला तो हाच. मूळ प्रत आज कोठेही मिळते. हा अपपाठ मात्र त्या स्वस्त यंत्रांबरोबर भंगारात गेला. आमच्या पिढीच्या बालपणाचा इतिहास कोणी लिहील, तेव्हा खेळाच्या नावापुढे त्याने सालाबरोबर वेगही नोंदवावा: सेकंदाला ५०.